सोय कोणाची ?

चिनी विद्यार्थी इंग्रजी शिकूं लागला म्हणजे एक साधेंसें विशेषण त्याला वर्षानुवर्षें चकवीत राहतें. तें विशेषण 'कन्व्हीनिअंट'. कोशांत पाहावें तर कोडें कांहींच नाहीं : इंग्रजी 'कन्व्हीनिअंट' म्हणजे चिनी 'फांगब्येन', आणि दोहोंचा अर्थ सोयीचें. एवढें पाठ करून तो आपल्या प्राध्यापकांस भेटीची वेळ मागणारें पत्र लिहितो आणि अत्यंत नम्रपणें विचारतो, "व्हेन आर यू कन्व्हीनिअंट ?" म्हणजे, "आपण केव्हां सोयीचे आहां ?"

येथें घोटाळा झाला. इंग्रजींत सोयीची असते ती वेळ, जागा, गाडी, व्यवस्था, माणूस नव्हे. माणसाला तें विशेषण लावलें, तर तो दुसऱ्याच्या कामापुरता वापरावयाचा ठरतो. मराठींतही 'सोयीचा माणूस' हें कांहीं कौतुकानें म्हटलें जात नाहीं. आदर दाखवावयास निघालेल्या विद्यार्थ्याच्या हातून आदराचाच भंग होतो; आणि वाचणारा बहुधा सभ्यपणें गप्प बसतो, म्हणून चूक टिकून राहते.

ह्यास आळस कारण नाहीं. चिनी वाक्यांत ज्याच्याविषयीं बोलावयाचें तें अगोदर येतें आणि विशेषण 'आहे'वांचूनच त्याच्यापुढें उभें राहतें : 'आपण केव्हां फांगब्येन ?' त्या भाषेंत विभक्तिप्रत्यय नाहींत. 'आपण' आणि 'आपणांस' हा भेद शब्दाच्या रूपांत दिसतच नाहीं. तो ऐकणाऱ्यानें ओळखावयाचा. मराठी माणसाला 'स' आणि 'ला' बाळकडूबरोबर मिळतात. "तुम्हांला केव्हां सोयीचें पडेल ?" हें वाक्य इंग्रजी घडणीच्या इतकें जवळ आहे, कीं ही चूक करण्याचें त्याला कारणच पडत नाहीं. त्याच्या चुका निराळ्या, आणि त्यांची यादीही लहान नाहीं.

'फांगब्येन'ची कुळकथा मात्र थेट संस्कृतापर्यंत येऊन भिडते. इ. स. ४०६ मध्यें छांग-आन नगरींत कुमारजीवानें 'सद्धर्मपुंडरीक' सूत्राचें चिनी भाषांतर केलें. त्यांतील 'उपायकौशल्य' ह्या दुसऱ्या प्रकरणाच्या नांवासाठीं त्यानें हाच शब्द योजला. ऐकणाऱ्याची पात्रता पाहून उपदेशाची रीत बदलणें, हा तेथील अर्थ. पुढें शब्द बाजारांत उतरला. झटपट शिजणाऱ्या शेवयांना आज चीनमध्यें 'फांगब्येन-म्येन' म्हणतात, आणि देहधर्मास जाणेंही ह्याच शब्दानें आडपडद्यानें सांगतात. इंग्रजांनींही सार्वजनिक शौचगृहाला 'पब्लिक कन्व्हीनिअन्स' म्हटलें आहे ! एवढ्या एका बाबतींत दोन्ही भाषांचें पूर्ण एकमत.

शिक्षकानें नियम घोकून घेण्यापेक्षां दोन वाक्यें शेजारीं शेजारीं मांडावीं. वेळेविषयीं विचारावयाचें तर "इज मंडे कन्व्हीनिअंट फॉर यू ?" आणि माणसाविषयीं विचारावयाचें तर "आर यू फ्री ऑन मंडे ?" 'फ्री' माणसाला खुशाल लावावें. वस्तूला लावलें, कीं त्याचा अर्थ 'फुकट' असा होतो. पण तो घोटाळा वेगळा.