हीर आणि रांझा

मंडळी, पंजाबातली एक गोष्ट सांगतो. वारिस शाह या कवीने ती १७६६ साली काव्यात रचली.

झंगच्या सियाल घराण्यात हीर नावाची मुलगी होती. रांझा तिच्या घरच्या म्हशी राखी. दोघांची मने जुळली. चुलता कैदो याने चहाडी केली. घरच्यांनी हीरला बळेच दुसरीकडे दिली. ती तिथून रांझ्याबरोबर पळाली.

मग घरचे म्हणाले, “रांझ्या, वरात घेऊन ये. लग्न लावून देऊ.” तो गेला. मागे त्यांनी हीरला विष पाजले. ते ऐकून रांझ्यानेही प्राण सोडला.

हे कशासाठी? घराण्याच्या अब्रूसाठी! पण अब्रू राहिली का? आजही लोक हीरसाठी हळहळतात, कैदोला नावे ठेवतात.

बाबांनो, लेकीशी बोला, तिचे ऐकून घ्या. लेकीचा जीव घेऊन कुणाची अब्रू वाचत नाही.