जुन्या हवामान नोंदयंत्राचे घड्याळ बदलताना

(पंचवटी येथे द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी फवारणीवर बोलेन अशी तुमची अपेक्षा असेल. बोलणार फवारणीवरच आहे, पण जरा आडवाटेने. गेल्या हंगामात दिंडोरी भागातले एक बागायतदार बागेतील जुन्या नोंदयंत्राचे आकडे घेऊन आले. पाऊस नसताना पान ओले झाल्याची वेळ दुपारी दोनची! दव काय दुपारी पडते? वीज गेली की यंत्राचे घड्याळ पुसले जाई आणि वीज आली की पुन्हा शून्यापासून मोजू लागे. केवड्याचा अंदाज आपण पान सलग किती तास ओले राहिले आणि तेव्हा तापमान किती होते, यावरून बांधतो. तासच चुकले तर औषध वाया जाते, नाहीतर घड जातात. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले: "सुटा भाग मिळत नाही, नवीन यंत्र घ्या."

उघडून पाहिले तर दोष किरकोळ. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत डॅलस कंपनीची डीएस-१२८७ किंवा डीएस-१२८८७ ही घड्याळाची चिप असते. या काळ्या ठोकळ्यातच लिथियमचा सेल आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक बंद केलेला असतो. सेलचे आयुष्य सुमारे १० वर्षे. चिपवर चार आकडे असतात. ९४३२ म्हणजे १९९४ सालचा ३२ वा आठवडा. औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहता तशी हीही पाहावी.

मात्र घाई करू नये. काही यंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडेही सेलवर जगणाऱ्या मेमरीत असतात. सेल तग धरून असेल तोवर पडद्यावरचे सगळे आकडे वहीत उतरवावेत. मोबाईलवर फोटो काढा, पण वहीही ठेवा. आमच्याकडून एकदा हे राहिले आणि तापमानाचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य अंश नव्याने जुळवत बसावे लागले.

मेलेली चिप ओढून काढू नये, बोर्डावरचे तांबे उखडते. पाय कटरने कापून एकेक सोल्डर वितळवून काढावा व त्या जागी सॉकेट बसवावे. खाचेची दिशा चुकू देऊ नये. टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे सहज करतो. डीएस-१२८७ च्या जागी डीएस-१२८८७ चालते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करावी, पण जुनी चिप घासून वर नवे आकडे छापलेला मालही बाजारात फिरतो. पिशवी चकचकीत आणि बियाणे जुने, तसलाच प्रकार.

चिप मिळालीच नाही तर पाय न कापता तिची कड जपून कोरावी, आतल्या सेलची जोडणी तोडावी आणि १६ व्या पायाला ऋण, २० व्या पायाला धन अशा तारा जोडून तीन व्होल्टचा सीआर-२०३२ सेल बाहेर बसवावा. दिसायला गबाळे, पण पुढच्या वेळी फक्त सेल बदलायचा. मला तरी हाच उपाय आवडतो.

ऑक्टोबर छाटणीपूर्वी हे उरकावे. वेळ भरून रात्रभर यंत्राची वीज बंद ठेवा, सकाळी मोबाईलशी ताडून पाहा. मग पानओलाव्याच्या सेन्सरवर पाणी शिंपडा आणि नोंद त्याच मिनिटाची येते का ते तपासा. त्या बागायतदारांच्या यंत्रात आता दव पहाटेच पडते.