राउटरच्या टेबलावरील वाकडी फेन्स

राउटर हे यंत्र आता सुताराच्या दुकानातच नव्हे, तर हौशी माणसाच्या पडवीतही येऊन बसले आहे. टेबलाच्या छिद्रातून वर डोकावणारे त्याचे पाते मिनिटाला १०,००० ते २५,००० फेरे घेते. त्याच्यामागे जी आडवी पट्टी असते आणि जिला टेकवून फळी सरकवायची असते, तिला कारागीर फेन्स म्हणतात. काम बिघडले की पहिला संशय हिच्यावर. मग मनुष्य टेबलाच्या कडेपासून तिची दोन्ही टोके मोजीत बसतो आणि ती समांतर करण्यात दुपार घालवितो.

हा सारा खटाटोप व्यर्थ असतो. करवतीच्या टेबलावर फेन्स पात्याशी समांतर हवी, कारण ते पाते सपाट चकती आहे. राउटरचे पाते गोल. त्याला दिशाच नाही, तेव्हा समांतर कशाशी व्हायचे? महत्त्व आहे ते फक्त पात्यापासूनच्या अंतराला. म्हणूनच जाणता कारागीर एक टोक घट्ट आवळून दुसरे किंचित फिरवितो. पाते मध्यभागी असेल, तर टोक १ मिलिमीटर सरकले म्हणजे पात्यापाशी फरक अर्ध्या मिलिमीटरचाच पडतो. मात्र टेबलाच्या खाचेत सरकणारी काटकोनी मार्गपट्टी फेन्सबरोबर वापरायची असेल, तर फेन्स त्या खाचेशी समांतर हवीच.

मग दोष शोधावा कोठे? आधी विजेची पिन काढावी, मोजमाप त्यानंतर. फेन्सच्या बुडाशी भुसा अडकला नाही ना, एखादा स्क्रू ढिला नाही ना, हे पाहावे. निम्मी दुखणी येथेच संपतात.

बाकीचे लाकूडच सांगते. फळी उजवीकडून डावीकडे, पात्याच्या फिरण्याविरुद्ध सरकते. कडेची नक्षी सर्वत्र ठीक, पण शेवटचा इंचभर भाग खोल गेला, तर फेन्सचा डावा अर्धा भाग मागे आहे असे समजावे. उजव्या भागाचा आधार सुटताच फळीची शेपटी पात्यावर पडते. उलट फळीचे तोंडच डाव्या भागावर अडखळत असेल, तर तो पुढे आला आहे. दोन्ही भागांवर एक सरळ पोलादी पट्टी लावावी आणि जो भाग मागे असेल त्याच्यामागे कागदाची घडी घालावी. फळीची संपूर्ण कड रंधून काढायची असते तेव्हा डावा भाग मुद्दाम पुढे, पात्याच्या धारेशी जुळता, ठेवतात. तो दोष नव्हे.

फळीच्या मध्येच काप उथळ-खोल होत असेल, तर फेन्स दाबाने लवते आहे. जाड, वाळलेल्या लाकडाची फेन्स घ्यावी.

राहिला काटकोन. गुण्या टेबलावर उभा करून फेन्सशी भिडवावा. फट वर दिसली तर फेन्सच्या दर्शनी पट्टीमागे वरच्या काठाला, खाली दिसली तर खालच्या काठाला, कागदाची फीत घालावी. सागवानाचे दर पाहता ही पाच मिनिटे महाग नाहीत. येथे कसर राहिली की सरसाने जोडलेल्या फळ्या सपाट न राहता पन्हळासारख्या होतात.

खात्री टाकाऊ लाकडावर करावी. दोन तुकड्यांच्या कडा रंधून, एक तुकडा उलटा करून, त्या परस्परांना लावाव्यात व उजेडाकडे धराव्यात. जी फट दिसेल ती मूळ चुकीच्या दुप्पट असते.