वहाळातली ट्यूबलाइट आणि कुणग्यातला भात

श्रोतेहो, मला मिळालेली पाच मिनिटं मी जळालेल्या ट्यूबलाइटींवरच घालवणार आहे. भेडशी असो की दोडामार्ग, वहाळात जरा डोकावून बघा, का ते कळेल.

पारा म्हटला की आपण मासळीकडे बोट दाखवतो. जपानमधल्या मिनामाटात मासळीतल्या पाऱ्यानं माणसं आजारी पडली, ते १९५६ साल सगळ्यांना ठाऊक. पण चीनच्या ग्वेइझोउ प्रांतात वानशान हा पाऱ्याच्या खाणींचा मुलूख होता. तिथली माणसं मासे फारसे खात नाहीत. तरी त्यांच्या अंगात मिथिल पारा गेला, आणि गेला तो भातातून!

कसा, ते आमच्या आयाबायांना चटकन कळेल. आंबोळ्यांचं पीठ रात्री टोपात झाकून ठेवता ना? सकाळी ते कालचं पीठ राहत नाही. लावणीनंतर पाण्याखाली गेलेला कुणगा म्हणजे असाच झाकलेला टोप. चिखलात हवा नाही, ऊब आहे, कुजका पालापाचोळा आहे. तिथले जीवाणू साध्या पाऱ्याचा मिथिल पारा करतात, आणि तो अंगात सहज भिनतो. पीठ आंबलं की निदान वास तरी येतो. इथं वास नाही, चव नाही. पेज नेहमीसारखीच लागते.

तांदूळ धुऊन, सडून हा मिथिल पारा जात नाही. साधा पारा बराचसा कोंड्यात राहतो, मिथिल पारा पांढऱ्या दाण्यात बसतो. तेव्हा लाल तांदळाला नावं ठेवून पॉलिशवाला आणायची पळवाट नको.

दोडामार्गच्या भातात पारा आहे, असं मी म्हणत नाही हो. वानशानला शेकडो वर्षांच्या खाणी. ट्यूबमधला पारा मिलिग्रॅमात मोजायचा. पण वरचं खाली येतं, हे २०२१ च्या जुलैत कळणे गावात दिसलं. तिथल्या खाणीचा बांध फुटला आणि गढूळ पाणी शेताबागांत शिरलं. ते लोहखनिज होतं, पारा नव्हता, एवढंच.

म्हणून सांगतो: ट्यूब, सीएफएल, फुटलेला तापमापक वहाळात नको, उकिरड्यावर नको, कुणग्याच्या बांधावर तर नकोच नको. ग्रामपंचायतींनी या वस्तूंसाठी वेगळा डबा ठेवायला काय हरकत आहे? गरोदर बाईच्या ताटात आपल्याकडे भातही असतो आणि मासळीही, आणि हा पारा पोटातल्या बाळाच्या मेंदूला नडतो.

आता कुणी म्हणेल, टोपाचं झाकण काढावं, म्हणजे कुणग्यातलं पाणी मधूनमधून सोडून द्यावं. विचार चांगला आहे, पण माती सुकली की कॅडमियम मोकळं होतं, आणि ते भातात... वेळ संपली, कार्यक्रमाच्या बाई काचेपलीकडून हात दाखवताहेत. ते पुढच्या वेळी.