जखम भरली, भीती राहिली

गटाची वही आणि हप्त्याचे पैसे थोडा वेळ बाजूला ठेवा. आज मी तुम्हाला भाताच्या पातेल्याची गोष्ट सांगणार आहे.

२०२१ चा एप्रिल महिना. पुण्यात करोनाची दुसरी लाट आली होती. मी हडपसरला राहते. आमच्या सोलापूर रस्त्यावरून रात्रंदिवस रुग्णवाहिका जायच्या. त्यातल्याच एकीत एक दिवस मीही होते. बारा दिवस मला ऑक्सिजन लावला होता. उशाशी पाण्याची छोटी बाटली असते, तिच्यातून ऑक्सिजन बुडबुड करत येतो. त्या आवाजाकडे कान लावून मी रात्री काढल्या. आवाज थांबला की आपण संपलो, असं वाटायचं. शेजारच्या खाटेवरची बाई एका पहाटे तिथं नव्हती. कुठं गेली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

घरी आले. दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळे म्हणाले, सुटलीस बाई!

तिसऱ्या दिवशी गॅसवर भात ठेवला. उकळी आली, रटरट सुरू झाली आणि माझी छाती धडधडायला लागली. घाम फुटला, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ९७. म्हणजे सगळं ठीक. तरी हात थरथरतच होता.

मग मी भात शिजवणं सोडलं. नंतर एकटीनं झोपणं सोडलं. पुढं बाहेर जाणंही सोडलं. ते यंत्र दिवसातून वीस-वीस वेळा बोटाला लावायचे. घरचे म्हणायचे, "आता तर बरी झालीस, मग हे काय नवीन?" शेजारीण हसत म्हणाली, "अशानं येरवड्याला जावं लागेल हं!" पुण्यात येरवडा म्हटलं की मनोरुग्णालय, आणि त्याची थट्टा ठरलेली. ती सहज बोलून गेली, पण मी चार महिने तोंड उघडलं नाही.

लसीच्या निमित्तानं आशाताई घरी आल्या. त्यांनी विचारलं, "झोप लागते का?" एवढंच. मी रडायलाच लागले. त्या मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी आधी रक्त, थायरॉइड, हृदयाचा आलेख हे सगळं तपासलं. अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलं, तरी धडधड होते. ते सगळं नीट निघालं.

मग बाई म्हणाल्या, "शेतावर राखणीचं कुत्रं असतं ना? एकदा चोर येऊन गेला की ते पुढं कितीतरी दिवस पान सळसळलं तरी भुंकतं. कुत्रं वाईट नाही. चोर गेला, हे त्याला अजून कळलेलं नाही. तुमच्या शरीराचं तसंच झालंय. आणि तुम्ही भातापासून पळता, तेव्हा त्याला वाटतं की चोर खरंच आला होता."

हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, मी वेडी नाही.

उपाय साधे होते. पहिल्या दिवशी मुलीला जवळ घेऊन नुसतं पाणी उकळायचं आणि तिथंच उभं राहायचं. श्वास हळू घ्यायचा आणि सोडताना त्याहून जास्त वेळ लावायचा. धडधड वाढायची, कळसाला पोचायची आणि आपोआप उतरायची. ती उतरते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ऑक्सिमीटर फक्त सकाळी आणि संध्याकाळी. बाहेर जायचं तर आधी कोपऱ्यापर्यंत, मग बसथांब्यापर्यंत, मग एक थांबा बसनं. मधे दोनदा घसरले, पुन्हा सुरुवात केली. त्या दिवाळीत मी मसालेभात केला.

आठवा, महाराष्ट्रातले करोनाचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले. नायडू रुग्णालयातून ते गुढीपाडव्याला घरी गेले. त्यानंतर किती जण बरे होऊन घरी गेले, त्याचे आकडे आपण रोज ऐकले. पण त्यांच्याबरोबर घरी काय गेलं, ते कुणी मोजलं नाही.

हे फक्त करोनाचं नाही. साप चावून वाचलेली बाई गवताला हात लावत नाही. जुन्नरकडे बिबट्याच्या तावडीतून सुटलेली उसाकडे पाहत नाही. गर्भपिशवीचं किंवा स्तनाचं ऑपरेशन झालेली, भाजलेली, बाळ गेलेली, हिच्या टाक्यांची चौकशी सगळे करतात. झोपेची कोण करतं?

गटात अशी कुणी असेल तर "विसरून जा", "मनाला लावून घेऊ नकोस" असं म्हणू नका. विसरता आलं असतं तर ती विसरली असती. "रात्र कशी जाते?" असं विचारा. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर खोदू नका. तिच्याबरोबर शेताच्या बांधापर्यंत चाला. उद्या दहा पावलं पुढं.

पहिले काही आठवडे भीती वाटणं स्वाभाविक आहे. पण महिना उलटला तरी झोप नाही, तेच तेच डोळ्यांसमोर येतं, कामं अडतात, तर डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका आणि तिला एकटी सोडू नका. टेलि-मानसचा नंबर वहीत लिहून घ्या : १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. गोळ्या दिल्या तर मनानं बंद करू नका. आणि येरवड्याच्या रुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. माणसं सकाळी येतात, औषध घेतात आणि घरी जातात.

दोन गोष्टी विसरू नका. छातीत दुखून घाम आला, तर "भीतीच असेल" म्हणून घरी बसू नका, आधी दवाखाना. आणि मारणारा माणूस घरातच असेल, तर ती भीती खोटी नाही. तिथं चोर गेलेलाच नाही. तिथं धीर देऊन भागत नाही, १८१ वर फोन करा. जीवावर बेतलं असेल तर ११२.

माझी धडधड अजून कधी कधी येते. रुग्णवाहिका गेली की येते. मी उभी राहते, श्वास सोडते आणि मनात म्हणते, भुंक बाबा, पण चोर गेलाय. मग भाताखालचा गॅस बारीक करते.

आज बैठक संपली की शेजारी बसलेलीला एकदा विचारा : रात्र कशी जाते गं?