लेणी बंद असतील त्या दिवशी



अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरला दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा नेमका या वारांच्या कचाट्यात सापडतो, चिडतो आणि हॉटेलच्या खोलीवर पनीर मागवतो. पनीर काय, कुठंही मिळतं हो! माझं म्हणणं असं, की तो दिवस सरळ पोटाच्या नावे करावा. लेणी कुठं पळून जात नाहीत.

सकाळी गुलमंडी गाठा. उत्तम मिठाई भांडारातली इमरती या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. जिलबी मैद्याची, इमरती उडदाच्या डाळीची. वाटलेल्या डाळीचं पीठ चांगलं फेटून कढईत वेटोळी सोडायची आणि तळून पाकात टाकायची. त्यामुळे ती जिलबीसारखी कडाकड मोडत नाही, पाक आतपर्यंत धरून ठेवते. पण गरम आहे तोवरच, दुकानापुढं उभं राहून खावी. बांधून नेलेल्या इमरतीबद्दल मला काही बोलायचं नाही.

दुपारी मात्र शहागंज, सिटी चौक, रोशनगेट या भागात शिरायचं. कशासाठी, ते सांगायला नको. नान खलिया! तंदूरमधून निघालेला जाड, मऊ, पिवळसर नान आणि सोबत मटणाचा खलिया, वर लाल तर्री. नान तोडायचा, रश्श्यात पुरता बुडवायचा आणि हात माखला तर माखू द्यायचा. चमचा मागणाऱ्याकडे इथं जरा दयेनं बघतात.

या पदार्थाची जन्मकथा तुम्हाला इथं कुणीही सांगेल. 1327 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकानं दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली, एवढ्या मोठ्या लष्कराला झटपट जेवू घालायचं म्हणून भट्ट्या पेटल्या आणि नान खलिया जन्माला आला. कथा झकास आहे. अडचण एवढीच, की मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, तुघलकानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. तेव्हा तुघलकाच्या शिपायांनी जे काही खाल्लं असेल, ते आजच्यासारखं लाल नव्हतं. मधल्या काळात इथं मलिक अंबर आला, मोगल आले, 1763 पर्यंत तर निजामाची राजधानीही इथंच होती. प्रत्येकाच्या भटारखान्यानं त्या देगेत आपलं काहीतरी टाकलं असणार. कथेतली एक गोष्ट मात्र मला पुरती पटते, ती म्हणजे हा पदार्थ जमावासाठीच जन्मला. अजूनही लग्नाच्या दस्तरखानावर, मोठ्या देगेतून वाढलेला खलिया जसा लागतो, तसा चार माणसांपुरता घरी केलेला लागत नाही.

माणसं आली म्हणजे पीठ आलंच. ते दळायची या शहराची जुनी सोय बघायची असेल, तर जेवणानंतर पाय मोकळे करायला पाणचक्कीवर जा. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून शहरात आणून त्याच्या जोरावर जातं फिरवलं होतं. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना आणि वाटसरूंना भाकरतुकडा मिळावा, म्हणून हे दळण. लोक तिथं हौदाकाठी फोटो काढतात आणि निघतात. जात्याकडेही जरा बघा की!

शाकाहारी श्रोते आतापर्यंत रागावले असतील. त्यांनी संध्याकाळी दौलताबादच्या रस्त्याला लागावं. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात तिथं आला होता आणि त्यानं आवर्जून नोंद केली ती तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची. आज पावसाळा सरला, की किल्ल्याच्या वाटेवर सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. डोळे उघडलेलं फळ निवडा आणि तिथंच बसून खा. पिकलेलं सीताफळ गाडीच्या धक्क्यांत टिकत नाही. रात्री उस्मानपुऱ्यातलं तारा पान. तिथल्या काही विड्यांचे भाव ऐकून जेवलेलं पचतं, पण साधा विडाही आहेच.

आता एक तक्रार. या शहराच्या चहूबाजूंना ज्वारी पिकते. घरोघर भाकरी थापली जाते, शेंगदाण्याची चटणी असते, येसराची आमटी उकळते. पण बाहेरगावच्या पाहुण्यापुढं हे ताट ठेवायला आपल्यालाच संकोच वाटतो. मग तो बिचारा आठशे मैल प्रवास करून बटाट्याची भाजी आणि तंदुरी रोटी खाऊन परत जातो. कुणाकडे ओळख असेल तर निर्लज्जपणे सांगावं, की वहिनी, भाकरीच करा.

आणि डिसेंबर-जानेवारीत येणार असाल, तर मी वर सांगितलेलं अर्धं रद्द करा आणि हुरड्याला जा. शेतात आगटी पेटलेली असते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोल उडवायचं आणि कोवळे हिरवे दाणे चटणीबरोबर, नाहीतर गुळाबरोबर तोंडात टाकायचे. त्याच आगीत भाजलेलं वांगं, वर ताक. अलीकडे शहराभोवतीच्या शेतांवर पैसे भरून हुरडा पार्ट्या होतात, त्यात झोके आणि बैलगाड्याही असतात. असू देत. फक्त सकाळी लवकर पोचा आणि आगटीजवळची जागा धरा. लांब मांडवात बसणाऱ्याच्या ताटात येईपर्यंत हुरडा गार होतो.