अक्षराचा काप आणि स्मृतीची मर्यादा

(सरोजिनी नगर येथे मराठी वाचक व अनुवादक यांच्या घरगुती बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एका अनुवादित ग्रंथाची शब्दसूची करताना माझी जी फजिती झाली, तिची हकीकत आज मी सांगणार आहे. विषय संगणकाचा असला तरी त्यात मराठी अक्षराचा प्रश्न गुंतलेला आहे, म्हणून तो या बैठकीत मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम शब्दांविषयी. पायथन ही संगणकाची एक भाषा असून ती गिडो व्हान रोसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. अशा भाषांना 'स्क्रिप्टिंग' भाषा म्हणतात. 'लिपिभाषा' हा शब्द येथे दिशाभूल करील. नाटकाची संहिता नट जशी वाक्यागणिक वठवतो, तशी या भाषेतील आज्ञावली यंत्र क्रमाने लगोलग अमलात आणते, म्हणून मी 'संहिताभाषा' म्हणते. दुसरा शब्द 'स्लाइस'. येथून जवळच, रिंग रोडपलीकडे रामकृष्णपुरमात, १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने कित्येक वर्षे परिभाषा घडवली. परंतु या शब्दासाठी मला स्वयंपाकघरच उपयोगी पडले. लिंबाची फोड, काकडीची चकती, भाकरीचा चतकोर आणि केळ्याचे काप. या सर्वांत 'काप' मला योग्य वाटला, कारण काप एकामागून एक ओळीने निघतात आणि त्यांची जाडी आपण ठरवतो.

पायथनमध्ये एखाद्या यादीपुढे चौकटी कंसात [२:५] असे लिहिले की त्या यादीचा काप मिळतो. मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा आकडा वगळला जातो, म्हणजे आपल्या हिशेबाने तिसरा, चौथा आणि पाचवा घटक हाती येतो. सरकारी नोकरांच्या या वसाहतीत 'पाच तारखेपासून दहा तारखेपर्यंत रजा' म्हटले की दहा तारीख रजेतच धरतात, त्यामुळे ही रीत आपल्याला विचित्र वाटते. पण तिची सोय अशी की पाचातून दोन वजा केले की कापाची लांबी मिळते, आणि एका कापाचा शेवट हाच पुढच्या कापाचा आरंभ ठरतो. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांनी १९८२ साली एका टिपणात याच रीतीची बाजू मांडली होती.

आता मूळ अडचण. यंत्राच्या लेखी 'अक्षर' म्हणजे आपले अक्षर नव्हे. युनिकोड या संकेतपद्धतीत व्यंजन, मात्रा, वेलांटी, हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र अंक असतो. 'विद्यार्थी' या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. यंत्र दहा चिन्हे मोजते. त्यातील पहिल्या चार चिन्हांचा काप मागितला तर 'विद्' असा पाय मोडलेला तुकडा मिळतो. पहिले चिन्ह सोडून उरलेले मागितले तर आरंभीच निराधार वेलांटी उभी राहते. 'कविता' हा शब्द उलट क्रमाने मागितल्यास काना एकटा पडतो आणि 'वि'ची वेलांटी शेजारच्या 'त'वर जाऊन बसते. एखाद्या तक्त्यात नावासाठी पाच चिन्हांचीच जागा ठेवली, तर लक्ष्मीबाईंचे नाव 'लक्ष्' एवढेच उरेल. ज्यांना कागदोपत्री नाव जुळवून दाखवावे लागते त्यांना ही गोष्ट विनोदाची वाटणार नाही.

माझ्या सूचीत शब्दांचे वर्ग आद्य अक्षरावरून पाडायचे होते. मी निर्धास्तपणे प्रत्येक शब्दाच्या पहिल्या चिन्हाचा काप घेतला. परिणामी 'क्षमता' 'क'मध्ये गेली, 'ज्ञान' 'ज'मध्ये गेले, आणि जे 'क्ष' व 'ज्ञ' आपण वर्णमालेच्या शेवटी म्हणत आलो त्यांचा पत्ताच लागेना. त्यात अनुवादकाच्या लेखणीतून पदोपदी उतरणारा 'करणाऱ्या'! यातील 'ऱ' एका चिन्हानेही लिहिता येतो, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्र त्यांना भिन्न शब्द मानते. म्हणून कापाकापी करण्यापूर्वी सर्व मजकूर एकाच रूपात आणून घ्यावा लागतो. हे मला फार उशिरा उमगले.

दुसरी फजिती स्मृतीची. ग्रंथ सुमारे दहा लाख चिन्हांचा होता. पायथन देवनागरी मजकुराच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाईट देतो, म्हणजे सारा ग्रंथ वीस लाख बाईटांत मावतो. (त्यात एखादे हसऱ्या चेहऱ्याचे चित्रचिन्ह शिरले तर मात्र सबंध मजकूर चिन्हामागे चार बाईट घेऊ लागतो. एका पाहुण्यासाठी घरातल्या सर्वांची ताटे बदलावीत, तसा हा प्रकार आहे.) पण मी त्या मजकुराची सुट्या चिन्हांची यादी केली. यादीत प्रत्येक घटकाचा पत्ता आठ बाईट घेतो, आणि प्रत्येक सुटे चिन्ह ही एक स्वतंत्र वस्तू ठरून साठ ते ऐंशी बाईटांची जागा अडवते. इंग्रजी अक्षरे पायथन एकेकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरतो, देवनागरी चिन्ह मात्र दर वेळी नव्याने घडवतो. वीस लाखांचे असे सात ते नऊ कोटी झाले.

तेवढ्यानेही बिघडले नसते. पण प्रत्येक शब्दाचा संदर्भ पुढे पाहता यावा म्हणून मी 'येथून अखेरपर्यंत' असा काप शब्दागणिक काढून जपून ठेवला. यादीचा काप म्हणजे नवी यादी असते. आतल्या वस्तू त्याच राहतात, पण त्यांचे पत्ते पुन्हा उतरवले जातात. आरंभीच्या शब्दांसाठी असा एकेक काप ऐंशी लाख बाईटांच्या घरात होता. माझ्या यंत्राची स्मृती चार गिगाबाईटांची, म्हणजे सुमारे चारशे तीस कोटी बाईटांची. पाचशे शब्द होण्याच्या आतच यंत्र मंदावले आणि मग थिजले. तोवर न जपलेले काम गेले ते गेलेच.

उपाय भाषेतच होता. कंसात काप मागितला की पायथन आरंभ, शेवट आणि टप्पा या तीन गोष्टींची 'स्लाइस' नावाची एक वस्तू तयार करून ती 'गेटआयटेम' या पद्धतीच्या हाती देतो. आपण स्वतःचा वर्ग लिहून त्यात ही पद्धत दिली, तर काप कसा करायचा हे आपल्या मर्जीवर राहते. उणे आकडे किंवा यादीबाहेर गेलेले आकडे सावरण्याचे काम त्या वस्तूची 'इंडायसेस' ही पद्धत करते; ते स्वतः लिहू नये, हमखास चुकते.

मी मजकूर अखंडच ठेवला आणि प्रत्येक अक्षर कोठे सुरू होते त्या जागांची नोंद चार-चार बाईटांच्या घट्ट रांगेत केली. अक्षराची सीमा कोणती, याचे नियम युनिकोडने दिलेले आहेत. देवनागरी जोडाक्षर तोडू नये, हा नियम मात्र त्यांत २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या नियमांवर बेतलेली साधने 'विद्यार्थी'चे पाच तुकडे करतात, हे ध्यानात असू द्यावे. दहा लाख चिन्हांची अक्षरे पाचेक लाख धरली तर नोंदीला वीस लाख बाईट लागले. मजकुरासह चाळीस लाख. पूर्वीच्या मानाने सुमारे विसावा हिस्सा.

आता काप मागितला की माझा वर्ग नवी यादी करीत नाही, केवळ 'येथून तेथवर' एवढे लक्षात ठेवतो. सरोजिनी नगरच्या बाजारात थानातून कापड फाडून घेणे निराळे आणि थानावर खडूची खूण करून ठेवणे निराळे. खूण फुकटात होते. पण तिलाही एक पेच आहे. खूण जिवंत आहे तोवर सबंध थान दुकानात ठेवावे लागते. दोन अक्षरांचा काप कोठे विसरून राहिला तर त्याच्यापायी पूर्ण ग्रंथ स्मृतीत अडकून पडतो. म्हणून जो छोटा तुकडा दीर्घकाळ हवा असेल, तो सरळ फाडून वेगळा करावा आणि बाकीच्यांसाठी खुणा ठेवाव्यात. कोणता कोठे, हे यंत्र ठरवीत नाही.

शेवटी मर्यादेविषयी. लिनक्ससारख्या प्रणालीवर पायथनच्या 'रिसोर्स' या भागातून आपल्या आज्ञावलीने किती स्मृती वापरावी याची सीमा आपणच घालून देऊ शकतो. सीमा ओलांडताच 'मेमरीएरर' हा दोष पुढे येतो. तो हाताळून झालेले काम जपता येते. सीमा घातली नाही, तर स्मृती संपत आल्यावर प्रणालीच एखादी आज्ञावली निवडून बंद पाडते, आणि ती निवड आपल्याला विचारून होत नाही. विंडोजवर हा 'रिसोर्स' भाग उपलब्ध नाही. तेथे दुसरे मार्ग शोधावे लागतात.

मी एका गिगाबाईटची सीमा घातली आणि सूची पुन्हा चालवली. सीमेला धक्का लागला नाही. 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी आपापल्या मथळ्याखाली आले. 'श्र'चे काय करावे, याविषयी माझे आणि मुद्रितशोधकांचे अद्याप एकमत झालेले नाही. ते म्हणतात 'श'मध्ये ठेवा, आणि कोशांकडे पाहता त्यांचेच म्हणणे मला बरोबर वाटू लागले आहे.